अर्जातला दुसरा रकाना

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या लेकीला शाळेतून 'माझे कुटुंब' असा तक्ता करून आणायला सांगितला होता. ती नुकतीच पहिलीत गेली होती. कार्डशीट, फोटो, फेव्हिकॉल, खाली स्केचपेननं नावं. फोटो चिकटवताना तिनं मला सहज विचारलं, "तुझ्या फोटोखाली काय लिहू? घरातलं की शाळेतलं?"

घरात ती मला माई म्हणते. शाळेत मी मावशी आहे.

हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं. माझ्या जोडीदारानं २०२० मध्ये एकटी स्त्री म्हणून रीतसर दत्तक घेतलं, तेव्हा लेक वर्षाची होती आणि मी त्यांच्या आयुष्यात नव्हते. मी आले २०२२ मध्ये. तेव्हापासून डबा, डॉक्टर, केस विंचरणं, रात्रीची गोष्ट, सगळं निम्मं निम्मं. कागदावर मात्र मी तिची कोणीच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. जोडप्यानं मिळून दत्तक घेण्याचा प्रश्नही त्याच निकालात तीन विरुद्ध दोन मतांनी आमच्या विरोधात गेला. शाळेच्या फॉर्मवर मी 'आपत्कालीन संपर्क' या रकान्यात आहे. नातं : मावशी.

मावशी हा काही वाईट शब्द नाही. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणणारी भाषा आहे आपली. शाळेच्या गेटवर मला कोणी कधी वाकडं बोललेलं नाही. तरीही त्या दिवशी कार्डशीटसमोर बसून मला कळलं की सहा वर्षांच्या मुलीनं एकाच माणसासाठी दोन शब्द, आणि कुठे कुठला वापरायचा याचे नियम, आमच्या नकळत पाठ केले आहेत. तिला ते खोटं वाटत नव्हतं. शाळेचा गणवेश आणि घरातले कपडे वेगळे असतात तसं वाटत होतं. मला मात्र ते खोटं वाटलं, आणि ते तिला शिकवणारी मी होते.

त्यानंतर तीन महिन्यांत ऑफिसमधून बदलीचा पर्याय आला. सिंगापूर किंवा नेदरलँड्स. पगार, घरभाडं, टॅक्स यांच्या आधी आम्ही दोघींनी एक गूगल शीट उघडली आणि तिला नाव दिलं 'शाळा'. तिच्यात भर घालता घालता मला ज्या प्रश्नानं छळलं, त्यावर हा लेख आहे : एखादी शाळा आपल्याला सामावून घेते म्हणजे नेमकं काय करते?

*

आधी रकान्याबद्दल. मी पोटापाण्यासाठी डेटाबेसचं काम करते. टेबल बनवताना एखादा रकाना 'रिकामा चालणार नाही' असा ठरवला, की त्यात काहीतरी भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. मग लोक काहीतरी भरतात. फोन नंबर सक्तीचा केला की दहा वेळा नऊ टाकलेले नंबर यायला लागतात. आम्ही याला 'घाण डेटा' म्हणतो आणि भरणाऱ्याला नावं ठेवतो. चूक बहुतेक वेळा टेबल बनवणाऱ्याची असते. जग कसं आहे याबद्दल त्यानं काहीतरी गृहीत धरलेलं असतं, आणि ते गृहीतक खरं ठरवण्याची जबाबदारी तो भरणाऱ्यावर टाकून मोकळा होतो.

'वडिलांचे नाव' हा आपल्याकडचा असाच रकाना. तो हलतच नाही असं नाही. लग्न न झालेल्या आईला मुलाचं पालकत्व मिळवण्यासाठी वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं झालं : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे रकाने बदलतात, फक्त फार हळू. आणि मूल त्यांच्यासाठी थांबून राहत नाही, दर जूनला एक इयत्ता पुढे जातं.

*

सिंगापूर पहिल्यांदा सोपं वाटलं होतं. विमान पाच-सहा तासांचं, भारतीय माणसं भरपूर, आजीला येणं-जाणं सोपं. पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं तिथलं ३७७अ कलम रद्द करायला संसदेनं २९ नोव्हेंबर २०२२ ला मंजुरी दिली. आम्ही खूश झालो. मग पुढची ओळ वाचली. त्याच दिवशी संसदेनं राज्यघटनेतही दुरुस्ती केली, म्हणजे विवाहाच्या स्त्री-पुरुष या व्याख्येला न्यायालयात आव्हान देणं अवघड व्हावं. दार उघडलं आणि त्याच हातानं आतल्या खोलीला कडी घातली.

मग पुस्तकांची गोष्ट सापडली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो नावाच्या दोन नर पेंग्विननी मिळून एक पिल्लू वाढवलं. त्या खऱ्या घटनेवर 'अँड टँगो मेक्स थ्री' हे लहान मुलांचं चित्रपुस्तक आहे. २०१४ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळानं कुटुंबाबद्दलची अशी तीन पुस्तकं काढून नष्ट करायचं ठरवलं. लोक चिडले. काही पालक मुलांना घेऊन ग्रंथालयात त्याच पुस्तकांचं वाचन करायला जमले. शेवटी एक पुस्तक आधीच लगद्यात गेलेलं होतं, उरलेली दोन वाचली, पण ती प्रौढांच्या विभागात ठेवली गेली. दोन पेंग्विन आणि एक पिल्लू, प्रौढांच्या विभागात!

आंतरराष्ट्रीय शाळा या सगळ्यापासून वेगळ्या असतील असं मला वाटत होतं. तिथे साठ देशांची मुलं असतात, वेबसाइटवर इंद्रधनुष्य असतं, 'विविधता' हा शब्द दर दुसऱ्या पानावर. पण 'आंतरराष्ट्रीय' हे अभ्यासक्रमाचं विशेषण आहे. अभ्यासक्रम विमानानं येतो, कायदा जमिनीचाच राहतो. एकाच ब्रँडच्या शाळा एका देशात दोन आयांचं स्वागत करतात आणि दुसऱ्या देशात तो विषय काढत नाहीत. यात त्यांचा ढोंगीपणा असेलच असं नाही. परवाना स्थानिक सरकार देतं.

तिथल्या एका शाळेशी व्हिडिओ कॉल झाला. प्रवेश विभागातल्या बाई अतिशय प्रेमळ होत्या. म्हणाल्या, आमच्याकडे सगळी मुलं सारखी, कोणाच्या घरात काय आहे हे आम्ही विचारतच नाही. फक्त कुटुंबांनी थोडं सांभाळून राहावं इतकीच अपेक्षा असते. कॉल संपल्यावर माझी जोडीदार म्हणाली, "म्हणजे पुण्यासारखंच की. फी तेवढी जास्त."

मी त्या बाईंची बाजू घेतली. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, आपलं भलंच बघत होत्या. आणि "आम्ही विचारतच नाही" हे एका अर्थी सभ्यतेचं लक्षण आहे. आपल्याकडे ट्रेनमध्ये पहिल्या दहा मिनिटांत जात, पगार आणि लग्न विचारणाऱ्या माणसांच्या मानानं तर फारच.

तिनं तेव्हा सत्यकामाची गोष्ट काढली.

*

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम आईला विचारतो, मला गुरूकडे शिकायला जायचंय, माझं गोत्र कुठलं? आई, जबाला, म्हणते, तरुणपणी अनेकांच्या सेवेत असताना तू झालास, मला गोत्र माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव. गौतम गुरू गोत्र विचारतात. मुलगा आईनं सांगितलं तसंच्या तसं सांगतो. गुरू म्हणतात, इतकं खरं ब्राह्मणाशिवाय कोणी बोलणार नाही. जा, समिधा घेऊन ये.

शाळेत ही आम्हाला सत्याच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगितली होती. आता बघितलं तर ही शाळाप्रवेशाची गोष्ट आहे. रकाना आहे, तो भरता न येणारं मूल आहे, आणि प्रवेश देणारा आहे. जोडीदाराचं म्हणणं होतं, जबालाकडे बघ. तिला कुठलंही गोत्र सांगता आलं असतं. पडताळणार कोण होतं? तिनं मुलाला खोटं दिलं नाही. स्वतःचं नाव दिलं.

मला मात्र गुरू खटकला, आणि ते खटकणं अजून गेलेलं नाही. गौतमानं मुलाला घेतलं, चांगलं केलं. पण रकाना बदलला नाही. मुलगा खरं बोलला, म्हणून तो ब्राह्मणच असणार, असं म्हणून गुरूनं स्वतःच्या हातानं तो रकाना भरला. त्याच्यामागून एखादा मुलगा आला असता, गोत्र नसलेला आणि भीतीनं खोटं बोलणारा, तर? त्याला शिकायचा हक्क नव्हता? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली, तेव्हा त्यांनी आधी तुमचा गुण सिद्ध करा असं म्हटलं नाही. पुढे ज्या घरानं फसवल्या गेलेल्या विधवांसाठी दार उघडं ठेवलं, त्याच घरानं अशाच एका आईचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत.

म्हणजे सामावून घेण्याचे दोन प्रकार झाले. एकात तुम्ही अपवाद असता : तुमची मुलगी हुशार, तुम्ही दोघी शिकलेल्या, शांत, वेळेवर फी भरणाऱ्या, म्हणून चालेल. दुसऱ्यात रकानाच असा असतो की तुम्ही त्यात मावता, चांगल्या असा की नसा. पहिल्या प्रकारात मूल कायम परीक्षेला बसलेलं असतं. त्याला इतर मुलांसारखं कधीतरी वाईट वागायची मुभा नसते, कारण त्यानं कोणाला चावलं तर "घरातच तसलं" असं म्हणायला माणसं तयार असतात. मला लेकीसाठी ती मुभा हवी होती. हुशारीचं बक्षीस म्हणून मिळणारा प्रवेश नको होता.

*

नेदरलँड्स हा सगळ्यांचा लाडका उपाय. १ एप्रिल २००१ ला जगात पहिल्यांदा तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झाला. मध्यरात्री अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांनी चार जोडप्यांची लग्नं लावली. २०१२ पासून तिथल्या शाळांना लैंगिक विविधतेबद्दल आदर शिकवणं बंधनकारक आहे. डिसेंबरमध्ये 'जांभळा शुक्रवार' असतो, त्या दिवशी मुलं पाठिंबा म्हणून जांभळे कपडे घालतात. दोन आयांच्या घरांत वाढणाऱ्या अमेरिकन आणि डच मुलांची तुलना करणारा एक अभ्यास आहे. त्यात डच मुलं आपल्या घराबद्दल मित्रांशी जास्त मोकळेपणानं बोलत होती आणि त्यांना त्रासही कमी झाला होता. हे वाचून मी शीटमध्ये त्या ओळीला हिरवा रंग दिला.

पण तिथल्या राज्यघटनेचं तेविसावं कलम वाचल्यावर रंग थोडा फिका केला. १९१७ पासून तिथे धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकंच अनुदान मिळतं. नोव्हेंबर २०२० मध्ये शिक्षणमंत्री आरी स्लोब संसदेत म्हणाले की समलिंगी संबंध नाकारणाऱ्या निवेदनावर पालकांची सही घ्यायला शाळांना मुभा आहे, मात्र मुलांना शाळेत सुरक्षित वाटलं पाहिजे. देशभर गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना माघार घ्यावी लागली.

माझं पहिलं मत सरळ होतं : अशा शाळा बंद करा. नंतर तितकं सोपं वाटेना. त्या पालकांचाही विश्वास खरा आहे. मला माझ्या मुलीला काय शिकवायचं ते ठरवायचा हक्क हवा असेल, तर त्यांचा हक्क मी कुठल्या तोंडानं नाकारू? बराच विचार करून मी इथवर आले : कोणी काय मानावं हे शाळा ठरवू शकत नाही, पण वर्गात बसलेल्या मुलाचं घर हा मतदानाचा विषय नाही. "तुझ्या घराबद्दल आमचं मत वेगळं आहे" हे एका मोठ्या माणसानं दुसऱ्या मोठ्या माणसाला म्हणावं. सात वर्षांच्या मुलाला ते सही-शिक्क्यानिशी ऐकवलं, तर ते मत राहत नाही. मूल वाद घालू शकत नाही. त्याला फक्त घरी जाता येतं, आणि घराबद्दलच तर प्रश्न असतो.

तिथल्या दोन आंतरराष्ट्रीय शाळांशी बोललो. पहिलीनं आमचं ऐकून इतका आनंद दाखवला की आम्हीच लाजलो. जांभळ्या शुक्रवारी तुम्ही दोघी येऊन मुलांशी बोलाल का? भारतातून आलेलं असं कुटुंब आमच्याकडे अजून नाही, लेकीलाही काही सांगायला आवडेल का? आम्ही हसून वेळ मारून नेली. रात्री मी अंथरुणात विचार करत होते की मला राग का आला. ही शाळा तर सिंगापूरच्या अगदी उलट होती. तिथे झाकून ठेवा म्हणत होते, इथे स्टेजवर या म्हणत होते.

मग लक्षात आलं की दोन्हीकडे आमची लेक 'आमचं काय आहे' याचं उत्तर म्हणूनच शाळेत जाणार होती. तिला पेंग्विन आवडत नाहीत, डायनासोर आवडतात. तिला पोहता येत नाही आणि त्याची लाज वाटते. गणितात ती बोटं मोजते. हे कोणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी फार बोलणं केलं नाही. फॉर्म पाठवला. त्यात 'पालक १, पालक २' होतं, आणि खाली गरज पडल्यास आणखी ओळी. मी आमचे ठरलेले प्रश्न विचारले : तिला शाळेतून घ्यायला कोण येऊ शकतं? तुम्ही दोघींनी लिहून दिलेलं कोणीही. मदर्स डेला काय करता? ज्याला जितकी भेटकार्डं हवी तितकी तो करतो, आजीसाठी पण करतात. एखादा मुलगा म्हणाला की दोन आया असूच शकत नाहीत, तर शिक्षक काय करतील? त्या थोडं थांबून म्हणाल्या, "हिच्या घरी आहेत, असं सांगतील आणि धडा पुढे नेतील." शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला, "ती तुम्हा दोघींना काय हाक मारते? वर्गशिक्षिकेला सांगून ठेवते, म्हणजे तिला समजावत बसायला नको."

एवढंच. 'आई, माई' असं मी चॅटमध्ये टाइप केलं. मग त्यांनी पोहण्याच्या तासाबद्दल सांगितलं.

*

माझ्या आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एका रकान्यासाठी देश सोडायचा?"

या प्रश्नाचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. इथे लेकीला मराठी आहे, दोन आज्या आहेत, जिन्यात खेळणारी सहा पोरं आहेत. तिथे ओल्या हवेत सायकल चालवत ती इंग्रजी आणि डच शिकेल, आणि चार वर्षांनी आजीशी फोनवर अडखळत बोलेल. एक खरा शब्द मिळवायला आम्ही तिच्याकडून एक भाषा काढून घेतोय का, ही शंका रोज येते. आणि ही निवड माझ्याकडे आहे ती माझ्या नोकरीमुळे. खासगी आंतरराष्ट्रीय शाळांची फी काही ठिकाणी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जाते. ज्या शाळा सरकारी मदतीवर चालतात त्यांची बरीच कमी असते, तरी ती भरतेय कोण, तर माझी कंपनी. तालुक्याच्या गावात दोन बायका मूल वाढवत असतील तर त्यांना सिंगापूरही नाही आणि अ‍ॅमस्टरडॅमही नाही. त्यांच्या मुलाची शाळा एकच, आणि त्यांचं नशीब त्या शाळेतल्या बाईंच्या स्वभावावर. आम्ही निघून गेल्यानं त्यांचा रकाना बदलत नाही. उलट, बदला म्हणणारी दोन माणसं कमी होतात.

आईनं दुसरंही एक विचारलं, ते जास्त अवघड होतं. "सगळ्याच घरांत मुलांना सांगतात की, हे बाहेर बोलायचं नाही. तुझ्या बाबांचा पगार तू कधी कोणाला सांगितलास? मग मावशी म्हणालं तर काय बिघडलं?"

बाबांचा पगार मी सांगत नव्हते, कारण ते आमचं होतं. वाटलं असतं तर सांगता आलं असतं, रागावले असते इतकंच. खासगी गोष्ट आणि लपवलेली गोष्ट बाहेरून सारखीच दिसते, दोन्हींत तोंड बंद असतं. फरक आत असतो. खासगी गोष्टीची किल्ली आपल्याकडे असते. लपवलेल्या गोष्टीची किल्ली समोरच्याकडे असते, तो काय म्हणेल यावर सगळं ठरतं. मोठ्या माणसाला हा फरक कळतो. लहान मुलाला फक्त इतकं कळतं की हे बोलायचं नसतं, आणि जे बोलायचं नसतं ते बहुतेक वाईट असतं.

हे मी आईला नीट सांगू शकले नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी त्या शाळेच्या वर्गशिक्षिकेनं लेकीशी ओळखीचा व्हिडिओ कॉल ठेवला होता, तेव्हा आई आमच्याकडेच होती. शिक्षिकेनं सोप्या इंग्रजीत विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं? लेक "आई" म्हणाली आणि थांबली. मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. काय म्हणू, असं विचारणारं ते बघणं होतं. सेकंदभराचंच असेल. शिक्षिकेच्या लक्षातही आलं नसेल.

मी मान हलवली. ती "माई" म्हणाली, आणि मग डायनासोर दाखवायला पळाली.

कॉल संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मटार सोलत बसली. मग म्हणाली, "ती तुझ्याकडे बघून का थांबली?"

ऑगस्टमध्ये आम्ही जातोय. चुकतोय का, ते अजून माहीत नाही. मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. वर्षभरानं तिला कोणीतरी हाच प्रश्न विचारेल, आणि मी शेजारी असेन. तेव्हा ती माझ्याकडे बघते की नाही, एवढंच मी पाहणार आहे. अजूनही बघत असेल, तर आमची शाळा चुकली, किंवा आमचंच काहीतरी चुकलं.

तो तक्ता मी जपून ठेवला आहे. माझ्या फोटोखाली तिनं शेवटी काहीच लिहिलं नव्हतं. एक फूल काढलं होतं. बाईंनी त्यावर 'छान' असं लिहून तारा दिला होता.